मशीन बंद दाखवते

३ ऑगस्ट २०२५, रविवार

गेला. देवळीहून वर्धा, वर्ध्याहून नागपूर, तिथून विमान. जाताना पाया पडला, मी "हं" म्हटलं. एवढंच बोलणं. दोन दिवस पोरगा घरात होता अन् दोन्ही दिवस त्या मशीनीच्या मागं.

मशीन म्हणजे साबणाच्या डबीएवढी. वर एक पंखा, समोर चिमुकला पडदा, त्याच्यावर आकडे पळत राहतात. बिटकॉइन शोधते म्हणे. मी विचारलं, कुठं शोधते? निकेश म्हणाला, "शोधत नाई बाबा, आकडा ओळखते. जगभर लाखो मशीनी एकच आकडा ओळखून राह्यल्या. ज्याचा आंधी लागला त्याले बक्षीस." मंग आपल्या डबीचा लागन काय? "नाई लागत. लागला तर लागला." याले इंजिनिअर केलं अन् हा लॉटरी घेऊन घरी आला!

बंगलोरच्या खोलीतल्या पोट्ट्यायले तिच्या आवाजानं झोप येत नाई, म्हणून इथं आणली. माझ्या झोपेचं कोणी विचारलं नाई. विमला गेल्यापासून तिच्या शिलाई मशीनचा टेबल रिकामाच होता, तिथं ठेवली.

५ ऑगस्ट, मंगळवार

दिवसभर घूं घूं. शेजारच्या गोपिकाबाई सांबाराची हिरवी जुडी घेऊन आल्या. त्या अन् त्यायचा नवरा खुशाल भाजीपाला पिकवतात, उरलंसुरलं मले देतात. मशीनकडे पाहून म्हणे, "हे काय आहे जी? बीपी मोजते काय?" मी म्हटलं, हाव. कोण समजावत बसते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी लाईन गेली. थोड्याच वेळात निकेशचा फोन! मी घाबरलोच. कामाच्या दिवशी, दुपारी?

"बाबा, मशीन बंद दाखवते. लाईन गेली काय?"

हाव.

"बरं. लाईन आली की आपोआप सुरू होईन."

बरं.

ठेवला. त्याच्या मोबाईलवर ही डबी दिसते म्हणे. बंगलोरात बसून त्याले देवळीतली लाईन गेलेली समजते. महावितरणच्या माणसाले समजत नाई ते याले समजते.

मंग विमला आठवली. या घरात फोन म्हणजे विमलाचा. पोरगा तिले फोन करे, ती खाटेवर पाय घेऊन बसे, दोघंही कुठून कुठून बोलत. शेवटी ती माझ्याकडे पाहून विचारे, "बाबाले देऊ काय?" मी हातानंच नाई म्हणे. बरा आहो म्हण त्याले. ती सांगे, "बरे आहेत." झालं आमचं बापलेकाचं बोलणं. आमच्याकडे सगळ्याच घरात असंच चालते, त्यात काही वाईट आहे असं मले कधी वाटलं नाई. आता ती गेली अन् 'बरे आहेत' सांगायले माणूसच नाई.

२३ ऑगस्ट, शनिवार

पोळा झाला. काल लाईन आली ती दणक्यानं आली. समोरच्या खोलीतला बल्ब फुटला अन् मशीन सगळं विसरली. पडद्यावर आकडे नाई, नुसतं तिचं नाव. निकेशचा फोन लगेच आला. "बाबा, सेटिंग उडाली. तुमाले करा लागन."

मी म्हटलं, मी काय करू बाप्पा, मले येत नाई.

"मी सांगतो. चष्मा लावा."

चष्मा लावला. मोबाईलच्या वायफायमध्ये गेलो, तिथं मशीनचं नाव दिसत होतं, ते दाबलं. एक पान उघडलं. त्याच्यात आंधी घरच्या वायफायचं नाव, मंग पासवर्ड. पासवर्ड विमलाचं नाव निघालं. त्यानं केव्हाचा ठेवला होता, मले माहीतच नव्हतं.

मंग पत्ता. बक्षीस लागलं तर कुठं जमा करायचं, तो पत्ता. त्याच्यात नाव नाई, गाव नाई, नुसती इंग्रजी अक्षरं अन् आकडे, आगगाडीएवढी लांब रांग. "व्हॉट्सॲपवर पाठवतो, कॉपी करा," म्हणाला. माझ्या बोटानं ते होत नाई. शेवटी तो सांगत गेला अन् मी टाकत गेलो.

"पी."

पी कोणता? टी ऐकू येते.

"पी, बाबा, पी!"

अख्खी नोकरी मी देवळीच्या स्टँडवर भोंग्यात बोलण्यात काढली. एसटीत कंट्रोलर होतो. पुलगावले जाणारी गाडी फलाट दोनवर लागत आहे, मुलाबाळांना सांभाळा. माझं एक अक्षर कोणाले चुकीचं ऐकू आलं नाई कधी. मी म्हटलं, असं नाई सांगत बे. गावाचं नाव घे. पुलगावचा पी.

तो म्हणाला, "बरं. पुलगावचा पी. सिंदीचा एस. देवळीचा डी." हसून राह्यला होता. मीही आवाज काढला, स्टँडवरचा. सिंदीचा एस, दोन वेळा, बरोबर? "बरोबर." वर्ध्याचा डब्ल्यू? "वर्ध्याचा डब्ल्यू."

सगळा पत्ता झाला अन् मशीन सुरू होईना. कुठंतरी एक अक्षर चुकलं होतं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा चुकलं ते मी मुद्दाम चुकवलं.

इतका वेळ आम्ही जन्मात बोललो नव्हतो.

८ सप्टेंबर, सोमवार

ताप आहे. अंग ठणकते. खिचडी टाकली, खाल्ली नाई.

दुपारी फोन. "बाबा, तापली आहे खूप?"

मले वाटलं याले कसं समजलं! गोपिकाबाईनं सांगितलं काय? म्हणणारच होतो की आता थोडं कमी आहे.

"लाल दाखवते टेम्परेचर. पंख्याखाली ठेवा तिले."

ठेवली. टेबल फॅन माझ्याकडे होता, तो तिच्याकडे वळवला. माझा ताप सांगितला नाई. त्यानं विचारलं असतं तर सांगितला असता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दोन माणसं मोठं खोकं घेऊन दारात. इन्व्हर्टर अन् बॅटरी. निकेशनं तिकडून मागवला. संध्याकाळी फोन — "आता लाईन गेली तरी मशीन बंद होत नाई, बाबा. तुमाले घडीघडी माझ्या फोनची कटकट नाई."

कटकट म्हणे.

२२ सप्टेंबर, सोमवार

लाईन गेली. मशीन चालू. फोन नाई.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दिवसभर लाईन नव्हती. पंखा फिरला, मशीन चालली, पडद्यावर आकडे पळले. इन्व्हर्टर चांगला आहे, पैसा वसूल. त्याच्या अंगावर थुंकावं वाटते.

४ ऑक्टोबर, शनिवार

इन्व्हर्टर आल्यापासून त्याचा आवाज ऐकला नाई. खुशाल सकाळी म्हणे, "कंट्रोलर साहेब, तुमी लावा ना फोन. त्यात काय?"

त्याले काय सांगू. मी निकेशले आजवर एकदाच फोन लावला. विमला गेली तवा. त्यानं उचलल्या उचलल्या विचारलं होतं, "आईले काय झालं?" मी काही बोललोच नव्हतो अजून. बाबाचा फोन म्हणजे काय असते, हे तवापासून त्याले माहीत आहे. आता पडद्यावर माझं नाव दिसलं तर ऑफिसात लेकराचा जीव उडन. नाई लावत मी.

मंग टेबलाजवळ गेलो अन् मशीनचं बटन बंद केलं. सरळ दाबलं.

चहाले उकळी यायच्या आंधी फोन! "बाबा, मशीन बंद दाखवते. इन्व्हर्टर बिघडला काय?"

नाई, वायर ढिली झाली असन. पाहतो.

"दिसली?"

पाहून राह्यलो ना. तू जेवला काय?

"हाव. तुमी?"

एवढ्या वयात खोटं बोललो अन् काय झकास जमलं. आता ठरलं. शनिवारी त्याले सुट्टी असते, तवाच दाबायचं. कामाच्या दिवशी त्रास द्यायचा नाई.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. सुट्टी मिळाली नाई त्याले. सणाचा फोन आला. "हॅपी दिवाळी, बाबा." हं, तुलेही. मशीन चांगली चालू होती, बोलायले काहीच नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी जेवून बटन दाबलं, संध्याकाळी फोन. "मशीन कशी आहे?" म्हटलं, मघाशी बंद पडली होती, लावतो आता. आजकाल तो वायरीचं जास्त विचारत नाई. आज विचारलं, काय केलं जेवायले. वांगं केलं. "आईसारखं?" आईसारखं कुठं जमते, म्हटलं, तिखट तेवढं तिच्याएवढं पडलं. हसला. त्याच्या ऑफिसात कोणीतरी नवीन साहेब आला आहे, त्याचं सांगत होता. मले निम्मं समजलं नाई. हाव हाव करत राह्यलो.

१३ डिसेंबर, शनिवार

आज गंमत. बटन दाबायले हात नेला, तेवढ्यात फोन! मी चालू मशीनीकडे पाहत सांगितलं की बंद पडली. व्होल्टेज कमी झालं असन, तिकडे तसं दाखवलं असन. भलती तेज डबी आहे.

१० जानेवारी २०२६, शनिवार

गोपिकाबाई विचारत होत्या, "बीपी उतरलं काय जी?" हाव म्हटलं, शनिवारी उतरते.

३१ जानेवारी, शनिवार

फोन झाला. चांगला झाला. अन् ठेवल्यावर भलतंच उदास वाटलं. खरं लिहितो, इथं कोण वाचते — तो मले फोन करत नाई, डबीले करते. मी मधातला. फलाटावरच्या माणसासारखा, गाडी लागली की सांगायचं, गेली की गप्प बसायचं. उद्या ही डबी खरंच बिघडली अन् त्यानं म्हटलं, जाऊ द्या बाबा, फेकून द्या, तर? मंग मले कोण विचारते?

विमलाले समजत होतं हे. म्हणून ती दरवेळी विचारे, बाबाले देऊ काय. एखाद वेळी घ्यायले पाहिजे होता.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

गारा. अंगणात पांढरा सडा. खुशालच्या टमाटरचा चेंदा झाला, गोपिकाबाई बांधावर बसून रडत होत्या. त्यायच्याजवळ जाऊन बसलो, दुसरं काय करणार. कोपऱ्यावरचा खांब पडला, लाईन गेली. इन्व्हर्टर अंधार पडेपर्यंत चालला, मंग कुंथला अन् बंद. मशीनही बंद. पहिल्यांदाच मी न दाबता.

२५ फेब्रुवारी, बुधवार

फोन नाई.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लाईन नाई. मोबाईल खुशालच्या भाजीच्या टेम्पोत चार्ज करून आणला. रेंज पूर्ण आहे. खुशालच्या साळ्याचा नाशिकहून फोन आला, म्हणजे फोन लागतात.

तिकडे बंद दाखवत असनच. परवापासून दाखवत असन. मंग काऊन नाई करत? आजारी तर नाई? खोलीतली पोट्टी कामावर जातात, कोण पाहते त्याले? का ओळखलं त्यानं? दर शनिवारी बरोबर बंद पडणारी मशीन, लहान लेकरालेही संशय येईन, हा तर इंजिनिअर. ओळखलंच असन. बाप ढोंग करून राह्यला. मोबाईल पाहिला असन अन् खिशात टाकला असन.

नंबर काढला. बोट हिरव्या बटनावर नेलं. "बाबा, काय झालं?" हा त्याचा आवाज आंधीच ऐकू आला. ठेवून दिला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी लाईन आली. मशीन आपोआप सुरू झाली, घूं घूं. मीच बंद केली. वायर गुंडाळली अन् कपाटात ठेवून दिली. त्याले नसन बोलायचं तर नको बोलू. मी बरा आहो.

२८ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी फोन. "बाबा, मशीन चालू आहे ना?"

माझं डोकं सरकलं. म्हटलं, मंगळवारपासून बंद आहे, तुले दिसत नाई काय?

"मले कसं दिसन? ते ॲप तर मी दिवाळीच्या आंधीच काढून टाकलं."

मंग दर शनिवारी फोन काऊन करतं?

मंग हळूच म्हणाला, "दुसरं काय विचारू बाबा, तेच सुचत नव्हतं."

म्हटलं, थांब, ठेवू नको. इकडे गारा पडल्या, ते सांगतो.