बाटलीवरची गोजराबाई

मु. मुळशी, फाल्गुन

प्रिय किमये,

मी गोजराबाई, तुझ्या बापाची आई. ओळख आधी सांगितलेली बरी, कारण संक्रांतीला येते असं फोनवर तीनदा म्हणालीस आणि संक्रांत, रथसप्तमी, महाशिवरात्र तुझ्यावाचून पार पडल्या. दिवाळीला आलीस तेव्हा एक मोजा, केसांचं रबर आणि फोनची वायर विसरून गेलीस. वायर तुझा बाप वापरतो, रबरानं मी शेवग्याच्या शेंगांची जुडी बांधते, मोजा मांजरीनं नेला. विसरलेल्या वस्तूंचा या घरात उपयोग होतो. माझाही कसा करायचा ते तुझ्या बापानं शोधलंय, आणि मला त्याची शिसारी आलीय. बाग नासत चाललीय आणि तिच्या नावाखाली माझं तोंड खपतंय, म्हणून हे पत्र. लिहितेय ज्ञानदा, वरच्या खोलीतली भाडेकरू. नांदेडकडची आहे, हिंजवडीला कामाला जाते. माझं ‘हाय’ ती ‘आहे’ करून लिहिते, करू दे. शिव्या गाळायच्या नाहीत एवढं बजावलंय.

तुझी व्हॅनिला फुलावर आलीय. तुझी म्हणते, कारण अकरावीत दापोलीच्या सहलीवरून वेलाचे चार तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून तूच आणलेस. मला वाटलं, घोसाळ्यासारखं काहीतरी असेल. तीन वर्षं नुसती पानंच. मी रोज म्हणायचे, एवढ्या पालापाचोळ्यात आणि शेणखतात मी अख्ख्या आळीला पुरतील एवढी कारली काढली असती. मग एका सकाळी फूल आलं, पिवळट हिरवं, बघून हसू यावं असं. तू फोनमध्ये बघून म्हणालीस, आजी, हिची माशी आपल्याकडं न्हाई, हिचं लगीन आपणच लावायचं. मी खराट्यातून हीर ओढला आणि त्याचं टोक दगडावर घासून बोथट केलं. फुलाच्या आतला तो नखाएवढा पडदा उचलायचा, वरचं पिवळं खालच्याला टेकवायचं आणि अंगठ्यानं अलगद दाबायचं. फूल सकाळी उमलतं, उन्हं तापली की मिटतं. त्याआधी जमलं तर जमलं, नाहीतर उद्या गळून पडतं. पहिल्या दिवशी तुझ्या अकरा फुलांतली तीन धरली आणि माझ्या आठांतली आठही. तू रुसून जेवली नव्हतीस. पुढं शेंग नऊ महिने पोसायची. तेवढं मला कुणी शिकवायला नको होतं.

आता तुझ्या बापाचे पराक्रम ऐक. मागच्या पावसाळ्यानंतर शेखरनं रस्त्यावर पाटी लावली, ‘व्हॅनिला बाग बघा’. त्याला मी नावं ठेवत नाही. शेजारच्यांनी जमिनी विकल्या, तिथं पुण्याच्या लोकांचे बंगले झाले, आणि हा एकटा फाटकाशी उभा राहून जाणाऱ्या गाड्या मोजायचा. गाडी थांबली की तो दहा वर्षांनी लहान व्हायचा. लोक आले, चपला चिखलात बुडवत वेलांपर्यंत गेले, आणि सगळे एकच विचारायला लागले, वास कुठाय? आता वेलाला वास नसतो हे तुला ठाऊक, मला ठाऊक, वेलालाही ठाऊक. हिरवी शेंग मोडून नाकाला लावली तरी घेवड्यासारखीच लागते. मी तसं सांगायचे. म्हणायचे, बाई, वास यायला शेंगेला आधी उन्हातान्हातून जावं लागतं, मी नव्हते का गेले. काही हसायचे. पण लवळ्याच्या कॉलेजातली एक पोरगी जाताना मैत्रिणीला म्हणाली, चीट केलं यार. ते तुझ्या बापाच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी तो पिरंगुटाहून इसेन्सचा कॅन घेऊन आला. केकवाले वापरतात तो. फवारणीच्या पंपात ओतला. एवढ्यावर थांबला असता तर मी नाक दाबून गप्प बसले असते. पण शेतकऱ्याचं पोर ना, औषध पानाला चिकटायला हवं म्हणून आपण गुळाचं पाणी घालतो, तसं यानं इथंही घातलं, दोन ढेपा. सगळ्या वेलांवर मारलं. किमये, त्या दिवशी बागेत पाऊल टाकलं आणि मी पदर नाकाला धरला. लग्नाच्या मांडवामागं उष्ट्या आइस्क्रीमच्या वाट्या उन्हात पडाव्यात, तसा वास. पानाला बोट लावलं की तार निघायची. तिसऱ्या दिवशी मुंगळे आले, मग माशा, मग पानांवर काजळी धरली, तव्याच्या बुडासारखी काळी. आणि त्याच वेलाला नाक लावून मुठ्याकडच्या बंगल्यातल्या हेमलताबाई डोळे मिटून म्हणतात, किती नॅचरल आहे ना. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर मुंगळा चढलेला. मी सांगितलं नाही. पाप लागलं तर लागू दे.

पाहुण्यांना जायच्या आधी फुलाचं लगीन लावायला देतो तुझा बाप. टूथपिकनं. ते फोनकडं बघून हसतात आणि हातातलं फूल चिरडतात. यंदा घोस चांगले आले होते. निम्म्या कळ्या चिकट्यानं आणि मुंगळ्यांनी काळ्या पडून गळाल्या, उरलेल्यांतल्या बऱ्याच या लग्नांत मेल्या. मी पहाटे उठून ओल्या फडक्यानं पानं पुसते. पंचवीस-तीस पुसून होतात तोवर पाठ धरते. शेखर चहा पीत म्हणतो, आई, कशाला जीव काढतीयास, शनिवारी परत मारायचंच हाय. सांग, अशा माणसाला काय बोलावं. सुनीती, तुझी आई, भाकऱ्या थापत ऐकते. त्या दिवशी त्याच्या भाकरीला तिनं तूप लावलं नाही.

मागच्या शनिवारी बाटल्या आल्या. बोटाएवढ्या, काळ्या पाण्याच्या, आणि प्रत्येकीवर मी. दिवाळीत तू काढलास तो फोटो, नथ घालून, वेलाकडं बघतेय. मला वाचता येत नाही, पण माझं तोंड मला कळतं. ज्ञानदाला म्हटलं, वाच गं. ती वाचेना, पाणी प्यायला उठली. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा वाचलं, ‘गोजराआजींच्या बागेत पिकलेली, आजोबांच्या घोंगडीत मुरवलेली अस्सल व्हॅनिला.’ आत तोच कॅन. मी झाकण उघडून जिभेला लावलं आणि अंगणात जाऊन थुंकले. दोनदा चूळ भरली, कडू गोड घाण जाईना. खरी शेंग घोंगडीत मुरते ती एका परातीत मावेल एवढीच. गरम पाण्यातून काढायची, गुंडाळायची, दिवसा ऊन दाखवायचं, रात्री परत झाकायची, दीड महिना. तुझ्या आजोबांच्या घोंगडीला तेव्हा जो वास येतो, त्यासाठी मी तो सगळा खटाटोप करते. तो तुला दाखवला, शेखरला कधी दाखवला नाही. त्याला कारण आहे, ते तुला मोठी झालीस की सांगीन.

पाहुणे गेल्यावर मी बादलीत कोमट पाणी घेतलं, सगळ्या बाटल्या बुडवल्या आणि ओट्यावर बसून नखानं एकेक तोंड सोलून काढलं. कागद ओला झाला की नाक आधी निघतं, हे मला नवं कळलं. शेखर आला, बघितलं, म्हणाला, येड लागलंय का आई? मी म्हटलं, व्हय. मग तो जे बोलला ते मी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. म्हणाला, माझ्यावर काय डाफरतीस, ते तुझ्या लाडकीनंच लिवून धाडलंय, फोटोही तिनंच बसवला, आणखी हजार छापून येणार हायेत. घोंगडीचं त्याला नाही, तुला ठाऊक, म्हणजे तो खोटं बोलत नाही, एवढं मला तेव्हाच कळलं. आता हे पत्र कशासाठी ते ऐक. मला तुझ्याकडून एकच हवंय. बाटलीत काय आहे हे ठाऊक असून तू ते लिहिलंस, की बापानं सांगितलं नाही? ठाऊक नव्हतं तर ते हजार थांबव आणि पाडव्याच्या आत ये, अजून तीन घोस उमलायचेत, त्यांचं लगीन आपण दोघी लावू. ठाऊक होतं तर तसंही लिही, मी मरणार नाही. फक्त माझं तोंड काढून तिथं तुझं लाव, तूही दिसायला वाईट नाहीस. फोनवर सांगू नकोस. फोनवर तू हसतेस आणि मी विरघळते. कागदावर लिही, ज्ञानदा वाचील, आणि या खेपेला पाणी प्यायला उठणार नाही असं कबूल केलंय तिनं. कागद ज्या पाकिटात घालशील त्याच्याबरोबर तुझ्या तिकडच्या वाशीच्या बाजारातली सुकी करंदी पाठव, अर्धा किलो, डोकी काढलेली नको, अख्खी, आणि वास बाहेर येऊ नये म्हणून तीन-तीन पिशव्यांत बांधू नकोस, येऊ दे.

तुझीच, अजून तरी,
गोजराआजी