गुठळी निघाली, पण सोप्रानोंचा संप

१० फेब्रुवारी. नैरोबी, हॉस्पिटलमधून.
आजपासून रोजनिशी. प्रकृती उत्तम. मंगळवारी चर्चमध्ये कॉयरची तालीम घेताना मी जरा खाली बसलो. लोक म्हणतात, पडलो. शाद्राक, म्हणजे माझा मदतनीस, उगाच घाबरला. मला मिनीबसमध्ये घातलं आणि ट्रॅफिक जॅममधून ओरडत इथे आणलं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जांघेतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत सरकवून ती ओढून काढली. विषय संपला. ईस्टरच्या गायनस्पर्धेत कॉयरपुढे मीच उभा राहणार.

११ फेब्रुवारी
डॉ. मुएनी आल्या. हुशार, पण भित्र्या. म्हणाल्या, गुठळी निघाली, रक्त वाहू लागलं, पण तोवर मेंदूचा थोडा भाग गेला होता. शिवाय आत किंचित रक्तस्राव दिसतोय. हे धोके आधी सांगूनच बायकोची, फीबीची, सही घेतली होती म्हणे. गुठळी काढलेल्यांपैकी साधारण निम्मे पुढे आपलं आपण करू लागतात. बाकीच्यांना कुणाचा तरी आधार लागतो, काही जातातही.
मी म्हटलं, मी वरच्या निम्म्यात. जन्मभर पहिल्या बाकावर बसलोय.
म्हणाल्या, डावा हात उचला. उचलला. म्हणाल्या, नाही उचलला.
बाईंना चष्म्याची गरज आहे.

१३ फेब्रुवारी
गलथान कारभार! माझ्या अंथरुणात कुणाचा तरी हात सापडला. गार, जड, नुसता लोळागोळा. आधीच्या पेशंटचा राहिला असणार. नर्सला म्हटलं, ज्याचा त्याला नेऊन द्या. ती म्हणाली, आजोबा, बोटातली अंगठी बघा. बघितली. हुबेहूब माझी.
म्हणजे चोरही आहे.

१५ फेब्रुवारी
फीबी भेटायला येत नाही. नर्सकडे तक्रार केली, की नवरा आजारी आणि बाई बेपत्ता. तेवढ्यात कुठून तरी तिचाच आवाज आला, रूथचे बाबा, सकाळपासून तुमच्या डाव्या हाताला बसलेय मी, तुमचं सगळं ऐकतेय.
या वयात लपंडाव.

२२ फेब्रुवारी. घरी.
घरात काटकसर सुरू झालीय. उगालीचा, म्हणजे मक्याच्या शिजवलेल्या पिठाचा, गोळा अर्धाच वाढतात. ओरडलो की फीबी ताट फिरवते आणि उरलेला अर्धा येतो. ही हातचलाखी कुठे शिकली कोण जाणे.
व्यायाम करून घेणारा आला होता, परत पाठवला. बऱ्या माणसाला व्यायाम कशाला? त्यानंतर फीबी स्वयंपाकघरात रडत होती. कांदा चिरत असेल.
जेवणात कांदा नव्हता.

५ मार्च
पहिली तालीम. उजवीकडचे पुरुष झकास गायले. डावीकडे सोप्रानो, उंच पट्टीत गाणाऱ्या बायका. एकीनेही तोंड उघडलं नाही! हाताने इशारा दिला, पुन्हा दिला. ढिम्म. संप. शाद्राक म्हणाला, गुरुजी, इशारा कुठे दिलात? बिचाऱ्या वाट बघत उभ्या आहेत.
त्याचा माझ्या जागेवर डोळा आहे. संकल्प: बायकांना शिस्त लावणे.

२ एप्रिल
डॉ. मुएनींकडे फेरी. काठीने चालतो म्हणून खूश होत्या. स्पर्धेचं सांगितलं तर फीबीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, हात गेलाय, डावीकडचं काही ध्यानात येत नाही, हे यांच्या मेंदूला अजून कळलेलंच नाही, हाही त्याच आजाराचा भाग. फीबी म्हणाली, आजाराआधीही यांना फारसं काही कळवून घ्यायची सवय नव्हती.
दोघी हसल्या. हसोत.

८ एप्रिल
विजय! दुसरा नंबर! सोप्रानो अशा गायल्या की छप्पर उडावं. मी एक इशारा द्यावा आणि त्यांनी स्वर उचलावा. सगळी कॉयर माझ्याकडे टक लावून बघत होती. खरं तर थोडं माझ्या डोक्यावरून, पण आदर वाटला की माणसाची नजर वरच जाते. परीक्षकांनी तोंडाला रुमाल लावले होते. भारावले असणार.
डॉक्टरीण बाईंना कळवायला हवं.

१० एप्रिल
आमच्या मुलीने, रूथने, स्पर्धेचा व्हिडिओ काढला होता. आज सगळ्यांनी मिळून बघितला.
आधी शाद्राक दिसला. खुर्चीवर उभा, दोन्ही हात पसरून इशारे देतोय. त्याच्या पुढ्यात एक म्हातारा, अर्धीच दाढी केलेला, उजवा हात हवेत नाचवतोय. विचारलं, हा मध्येच कोण कडमडलाय? रूथ उठून बाहेर गेली. फीबी म्हणाली, रूथचे बाबा, परत बघा.
परत बघितला. कोट माझा होता.
तिसऱ्यांदा फक्त डावा हात बघितला. गाणं संपेपर्यंत तो बाहीतून लोंबत होता. एकदासुद्धा हलला नाही. पण मी तो हलताना पाहिला होता. देवाशपथ, पाहिला होता.
फीबीला म्हटलं, एवढे दिवस सांगितलं का नाहीस? म्हणाली, रोज सांगत होते.

११ एप्रिल
शाद्राकला फोन केला. म्हटलं, रविवारपासून कॉयर तू सांभाळ. वाटलं, नको नको म्हणेल, गळ घालेल. म्हणाला, बरं गुरुजी.
संध्याकाळी चर्चला जायचं होतं. फीबी शर्टाची बटणं लावायला आली. लावू दिली. म्हटलं, गळ्याचं तेवढं राहू दे, ते मी लावतो.
ती चपला घालून दारात थांबली. मी बराच वेळ एका हाताने झटलो, बटण काही काजात जाईना. मग आत येऊन तिने ते लावलं.