सोमवतीचा हात

२१ ऑगस्ट

भय्यासाहेब येऊन गेले. मंडळाचे अध्यक्ष ना! गणपतीच्या मागचा पडदा यंदाही मीच रंगवायचा. ‘कुंदाताई, हिमालय काढा, मस्त निळा.’ गेल्या साली किल्ला, त्याआधी समुद्र. अख्ख्या खमरियाच्या फॅक्टरी कॉलनीत यांना दुसरं काही सुचत नाही. मी बरं म्हटलं. हिमालय काढणार नाही.

२२ ऑगस्ट

पडद्यावर सोमवतीला काढून राहिले आहे. बरगीकडची ही बाई आमच्या क्वार्टरांत मासळी विकायला यायची. मग येणंच बंद झालं. मागच्या महिन्यात तिच्या गावी गेले तेव्हा कारण कळलं. तिच्या आणि अजून चार घरांतले लोक येशूच्या प्रार्थनेला जातात, म्हणून गावच्या पटेलानं त्यांचा हातपंप बंद केला. पाणी पाहिजे तर प्रार्थना सोडा, नाही तर माझ्या शेतात फुकट राबा! मी डोळ्यांनी पाहिलं — ह्या बाया गुडघाभर चिखलात भात लावून राहिल्या होत्या आणि तो बांधावर छत्री धरून बसला होता. तळपायाची आग मस्तकात गेली.

निघताना सोमवती म्हणाली, ‘दीदी, दिखाना सबको.’ दाखवतेच. पण चेहरा नाही. चिखलात वाकलेली, पाठमोरी काढते, पदर ओढलेला. तिला त्रास नको.

२५ ऑगस्ट

अतुलनं पडदा पाहिला. ताट तसंच सोडून उठला. ‘तुला काहून पाहिजे हे? मी फॅक्टरीत नोकरी करतो. धर्माच्या भानगडीत नाव आलं तर?’ आलं तर आलं! असा भित्रा नवरा पदरात पडला. त्याच्याशी बोलायचं नाही.

२७ ऑगस्ट

स्थापना झाली. पडदा उघडला आणि आरतीचा आवाजच बसला. भय्यासाहेब कानाशी — ‘बाप्पाच्या मागे हे काय?’ मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं. बायका मोदक घेऊन निघून गेल्या, माझ्याकडे न बघता. एकीला तरी विचारावंसं वाटलं? सगळी भेकडांची वस्ती.

२८ ऑगस्ट

पडदा काढा म्हणतात. नाही काढत.

३० ऑगस्ट

चुकलं माझं. फार चुकलं.

चेहरा लपवला, पण हात? हातावरचं गोंदण मी रेघ न् रेघ काढलं. हौस! आम्ही कॉलनीतली माणसं चेहऱ्यावरून ओळखतो. तिकडे कोणत्या बाईच्या हातावर काय गोंदलंय ते सगळ्या गावाला माहीत असतं. कोणी तरी मोबाईलवर फोटो काढला, तो फिरत फिरत तिकडे पोचला. आज पटेलाचा माणूस मांडवात आला. चित्रासमोर उभा राहून म्हणाला, ‘अच्छा, ये तो सोमवती है.’

१ सप्टेंबर

तोच माणूस घरी आला. आमच्या खुर्चीत बसून चहा प्याला. अतुलला म्हणे, ‘भैया जी, भाभी को समझा दो. उस औरत का भी भला, आपकी नौकरी का भी.’ अतुल हात जोडून उभा. किळस आली मला. मी रिकामा कप उचलून आत गेले.

२ सप्टेंबर

सोमवतीचा फोन लागत नाही.

३ सप्टेंबर

गोंदणावर चिखलाचा रंग मारला. तिच्यासाठी मारला. तिच्यासाठीच. अतुल खूश आहे. भय्यासाहेबांनी घरी प्रसाद पाठवला, जास्तीचे पेढे घालून. फेकून दिले.

५ सप्टेंबर

सोमवती मांडवात आली. स्वतःच तक्रार करून, लेबर ऑफिसच्या साहेबाला सोबत घेऊन. पटेल म्हणतो, ही बाई माझ्या शेतात कधी आलीच नाही. ती म्हणाली, ‘दीदी ने देखा है, साहब. तस्वीर में हूँ मैं.’ पडद्याजवळ गेली. आपला हात चित्रातल्या हाताशेजारी धरला. मग खाली घेतला. ‘चलिए साहब, मैं नहीं हूँ इसमें.’

साहेबानं मला विचारलं, ‘आपने देखा था?’ अतुल मागेच उभा होता.

मी म्हटलं, ‘नहीं साहब. मन से बनाया है.’