तबेल्यातली लाइट

प्रिय अक्षू,

वर सड्याच्या कातळावर, तुझ्या तबेल्यात, लाइट आली. गेल्या मंगळवारी, दुपारी सव्वाबाराला. एवढं नेमकं सांगतेय कारण नम्रताने घड्याळ बघून ठेवलं होतं. हे पत्रही तीच लिहितेय, आपल्या हरीकाकाची सून. मी बोलायचं, तिने लिहायचं आणि एकही शब्द गाळायचा नाही, असं ठरलंय. माझं तोंड किती चालतं ते तुला माहीतच आहे, तेव्हा तिचा हात दुखणार हे नक्की. लिहून झालं की ती याचे फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवील. पोस्टाच्या भरवशावर राहिले तर पत्राआधी घोडेच गावाबाहेर पडायचे. नम्रताचं नाव बघून न उघडता टाकून देऊ नकोस, बाय माझी. परवा फोनवर तू म्हणालीस, आजी, रविवारी घोडे न्यायला हर्णैचा माणूस येईल, राजा आणि चांदणी त्याच्या ताब्यात दे, लाइट नाही, पाणी नाही, तिथे जनावरं ठेवून काय करायचंय. मी बरं म्हटलं. लाइट आलीय हे एवढंसं वाक्य माझ्या तोंडून फुटेना. कारण पुढचा प्रश्न तू विचारला असतास, आणि फोनवर मी हसून वेळ मारून नेते. सव्वा वर्ष तेच करतेय.

तर लाइटची गंमत ऐक. चार खांब लागले. कातळ फोडायला मशीन आणलं, तरी एकेका खड्ड्याला सबंध दिवस गेला. त्यांचा मुकादम मला म्हणतो, आजी, या खडकावर घोडे पाळायची बुद्धी कुणाला झाली? म्हटलं, आमच्या नातीला. दापोलीला चार वर्षं कलमं बांधायला शिकली आणि घरी येताना तीन घोडे घेऊन आली. वेडेपणा आमच्या घरात माझ्याकडून आलाय, मुलाला चुकला आणि नातीला लागला. बल्ब पेटला तसा राजा दोन पावलं मागे सरला आणि कान टवकारून त्याच्याकडे बघत राहिला. चांदणीने ढुंकून पाहिलं नाही, ती तुझ्यावर गेलीय. मग मोटर लावली. खालच्या विहिरीचं पाणी पाइपातून चढत आलं आणि टाकीत धो धो पडायला लागलं. आवाजासरशी दोघंही टाकीशी आली. सगळे टाळ्या वाजवत होते. मला काही तिथे उभं राहवेना. शेडच्या मागे जाऊन बसले, आणि कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

मला तिसरी दिसत होती गो, शेवंती. वैशाखातली ती दुपार. पिंपं वर नेणारा टेम्पो दोन दिवस बंद पडलेला, तू डोक्यावरून कळशा नेत होतीस, पण घोडीच्या तहानेला कळशी कुठवर पुरणार? ती पोटाकडे वळून वळून बघायची, लोळायची, पुन्हा उठायची. दापोलीहून डॉक्टर येईपर्यंत उठायचीही थांबली. पाणी कमी पडलं, पोट बांधलं, असं ते हळू आवाजात म्हणाले. तू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. मग उठलीस ती तडक हरीकाकाच्या खळ्यात. तो कोकमं करायला रातांबे फोडत बसलेला, हात कोपरापर्यंत लाल. तू म्हणालीस, तुमच्या हरकतीने मारलं तिला, खांब अडवलेत, आता मिळालं समाधान? माणसं आहात की कोण? सगळं घर बाहेर आलं. हरीने तुझ्याकडे नाही, तुझ्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मग बरं पोरी, एवढंच म्हणाला आणि पुढचा रातांबा हातात घेतला. नम्रताही होती तिथे.

त्यानंतर तू पुण्याला गेलीस, लोकांच्या मुलांना लोकांच्या घोड्यांवर बसायला शिकवायला. राजा-चांदणीचं मी बघते, असं तुला सांगत आले. अगो, या गुडघ्यांनी मी सड्यावर पाणी चढवीन असं तुला खरंच वाटलं? शिकलेली माणसं काहीही खरं मानतात. मोटर लागेपर्यंत रोज सकाळी हरी चढवत होता. त्याच्याच विहिरीचं पाणी, त्याच्याच बांधावरचं गवत. मला म्हणाला, काकी, तिला सांगू नका, नाहीतर हट्टाने घोडे उपाशी ठेवील. नवरात्रात उतारावर पाय घसरला, पिंप अंगावर आलं, उजवं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर घातलेला हात गळ्यात आणि डाव्या हातात बादली, असा तो माझ्या दारावरून गेला. मला बघून हसला.

नम्रता, आता हात थांबवू नकोस. अक्षू, खांबांची मापं घ्यायला माणसं आली तेव्हा तू घोडे घेऊन समुद्रावर, पुळणीवर गेली होतीस. लाइन हरीच्या काजूतून यायची होती आणि पुढे आपल्या पट्टीतून, जी सातबाऱ्यावर माझ्या नावे आहे. हरीने सकाळीच सही करून दिली होती. नाही म्हटलं ते मी. माझ्या जमिनीत खांब नको, असं बोलले आणि त्यांच्या कागदावर अंगठा उठवला. आदल्या दिवशी जेवताना तू म्हणाली होतीस, एकदा लाइट आली की मी वरच खोली बांधून राहणार. केवढी खुशीत होतीस! तुझे आईबाप मुंबईला, तुझे आजोबा गेलेले, आणि सड्यावर अंधार होतो म्हणूनच तू दिवेलागणीला खाली माझ्याकडे यायचीस. तो अंधार मला हवा होता. संध्याकाळी तू विचारलंस, काय झालं गो? मी म्हटलं, हरी नको म्हणाला. लाइटच्या ऑफिसात तुला जमीनवाल्याची हरकत आहे, एवढंच म्हणाले, तू तेवढ्यावरच परत फिरलीस. वाटलं, दोन महिन्यांनी हरकत काढून घेईन, तोवर तुझं वरच्या खोलीचं वेड उतरेल. मग उद्या, मग परवा. शेवंतीनंतर तर जीभच उचलेना. शेवटी दिवाळी झाल्यावर एकटी रिक्षात बसून दापोलीला गेले आणि होकाराचा अंगठा देऊन आले.

नम्रताने मध्येच पेन ठेवलं. उठून ओटीवर गेली, बऱ्याच वेळाने आली. एकच विचारलं, आजी, बाबांना हे माहीत होतं? म्हटलं, तुझ्या सासऱ्याला पहिल्या दिवसापासून. मग बसली आणि पुन्हा लिहायला लागली. मला अक्षर येत असतं तर हे गुपचूप तुलाच लिहिलं असतं. त्याच्या घरच्या पोरीसमोर बोलावं लागलं ते योग्यच झालं. मला माफ कर, असं लिहायला मी सांगत नाही. सांगतेय ते एवढंच की रविवारच्या आत हरीकाकाला फोन कर. त्याला बोललीस ते सगळं माझ्या वाट्याचं होतं, ते मला सुनव, मी ऐकेन. घोड्यांचं काय ते तू ठरव; हर्णैच्या माणसाला मी सांगून ठेवलंय, तुझा फोन आल्याशिवाय वर चढू नकोस. आणखी एक. काल वर चिऱ्यांचे दोन ट्रक उतरवून घेतले, तुझ्या खोलीसाठी. तू आली नाहीस तरी ती बांधायचीच आहे. गवंडी विचारतोय दार कुठल्या बाजूला ठेवू. माझं घर दिसेल त्या बाजूला नको म्हणालीस, तर तसंच सांगेन.

तुझीच,
सगुणा आजी
(निशाणी अंगठा)