सातव्या टाकीवरची चिमणी

३ जून
पोचले एकदाची. खोली कारखान्याच्या वरच आहे. एका खिडकीतून धक्का दिसतो, दुसरीतून मालकीणबाईंचं वाळत घातलेलं धुणं. बाई तोंडाने तिखट, पण आल्या आल्या चहा आणि जास्तीची उशी दिली. समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या पाठीवरच्या हवेच्या जुन्या पोलादी टाक्या इथे तपासून नव्यासारख्या करतात. काम माझ्या हातातलं. तरी म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी विचारलंच, काम करणार की पाट्या टाकणार. मी म्हटलं, कळेलच.

अकरा टाक्या माझ्या वाट्याला आल्यात. आधी लाकडी हातोडीने वाजवायची, मग हवा सोडून व्हॉल्व्ह काढायचा आणि आत दिवा सोडून गंज बघायचा. टाकीच्या खांद्यावर कोरलेले आकडे झिजले असतील तर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, म्हणजे उमटतात. सगळं ठीक असेल तरच तारीख आणि तपासणाऱ्याचा ठसा. माझा ठसा चिमणीचा, धाकट्या भावाने कानशीने घडवून दिलेला. सात वर्षं डब्यातून काढला नव्हता. आज काढून पुसला. बरं वाटलं.

५ जून
सहा टाक्या घंटेसारख्या वाजल्या. सातवी बद्द वाजली. पेन्सिलीखाली दोनच आकडे आले. हवेच्या दाबाचा काटा म्हणतो, निम्मी भरलेली आहे. काका म्हणाले, घाई करू नकोस. आत पाणी राहिलं की पोलाद गंजतं आणि गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. काटा हवा दाखवतच राहतो, पण माणूस ती ओढतो आणि गुपचूप झोपतो. जणू मला हे माहीतच नाही. मी मान हलवली. दुपारी जेवण गेलं नाही.

७ जून
काल तिची हवा सोडली. तासभर फुसफुसत होती. आज काटा पुन्हा निम्म्यावर. काका म्हणाले, काटा बिघडलाय. नवा लावला, तोही निम्म्यावर. कागदावर आज महिना आणि साल उमटलं, सात वर्षांपूर्वीचं. परवा तिथे काही नव्हतं.

लिहूनच टाकते. कुणाला सांगितलेलं नाही. धाकट्याने आपली टाकी आणली होती, दुसऱ्या पहाटे त्याला समुद्रात उतरायचं होतं. माझ्यापुढे कामाचा ढीग. म्हणाला, ताई, मार ना ठसा, तू मारलास म्हणजे झालं. मी न उघडताच मारला. पहाटे त्याने भिंतीवर दोनदा टकटक केली. लहानपणापासूनची आमची खूण होती ती, जागी आहेस का? एक टकटक म्हणजे, आहे. मी जागी होते. उत्तर दिलं असतं तर तो आत आला असता आणि मला सांगावं लागलं असतं, थांब, ही टाकी मी बघितलेली नाही. लाज वाटली. झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले.

तो तळाशी सापडला, नळी तोंडातच. टाकी निम्मी भरलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी त्यांना म्हणू दिलं. टाकी भंगारात गेली असं ऐकलं होतं.

९ जून
चिमणी उमटली.

दुपारी काका जेवायला गेले होते. बाकावर टाकी एकटी. दोनदा वाजली. आतून.

१० जून
आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू घर सोडलंस तेव्हापासून, सात वर्षं रोज पहाटे तो तुझ्या खोलीच्या भिंतीवर दोनदा वाजवतो. मी उत्तर देत नाही गं, ती खूण तुम्हा दोघांची. गेल्या आठवड्यापासून मात्र वाजवत नाही.

११ जून
टाकी वर खोलीत आणली. बाईंनी डोळे वटारले —

दिवसाढवळ्या जांभया. खिडक्या सताड उघड्या, धुणं फडफडतंय, तरी हवा पुरत नाही. मला धाप लागते तसा काटा चढतो. पाऊण —

काका दार ठोठावताहेत, बाहेर ये म्हणून. कडी लावलेली नाही, तरी दार त्यांना —

दोनदा. पुन्हा दोनदा. किती दमाने वाजवतोय. सात वर्षं —

आता सोंग नाही रे बाळा. हातोडी हातात आहे. जागी आहे मी, ही बघ, एक