खालून ३१०

१२ जानेवारी २००४
रेहानाचा निरोप. काका, बाईंचा कागद काढून न्या. कागद म्हणजे माझ्या बायकोने, कुंदाने, रेहानाच्या इंटरनेटच्या दुकानात, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या काचेवर चिकटवलेला पारदर्शक आलेखकागद. गिऱ्हाइकांची तक्रार आहे, स्थळांचे फोटो गजाआडून बघावे लागतात. म्हटलं, तेवढी पूर्वसूचना बरी.
गेलो. चिकटपट्टी पिवळी पडलीय. नख लावलं, निघेना. खरं तर मी नीट लावलंच नाही. उद्या बघू.
कुं. जाऊन अडुसष्ट दिवस.

१३ जाने.
संपादकांचा फोन. अकरा वर्षं दर रविवारी चिमटे काढलेत, आता दोन महिने सदर रिकामं, वाचक विचारतात म्हणे. म्हटलं, चिमटा घ्यायला माणूस सापडत नाहीये. ते हसले. त्यांना तो सदराचा विषय वाटला.

१५ जाने.
कपाट आवरायला घेतलं आणि पहिल्याच खणात थांबलो. तिची टाचणवही. नववी विज्ञान, दहावी बीजगणित, आणि मागून उलटी सुरू केलेली दुसरी वही. तारखा, वेळा, दोन-दोन आकडे. शेवटचं पान १४ सप्टेंबरचं. चार ओळी, चार वेळा. पहिली: आडवे ४६०, उभे ३१०. खाली: 'पाठवलं. पहिल्यांदाच.' दुसऱ्या दिवशी: 'उत्तर आलं. दिलेल्या जागी काही नाही.' त्याखाली बारीक अक्षरात: 'मला दिसलं होतं.'
पुढची पानं कोरी.
पुढच्या रविवारी काय झालं ते वहीत नाही, ते छापून आलंय. माझ्याच सदरात. 'आमच्या घरी काचेवरची धूळ पुसायला बंदी आहे, तिच्यात धूमकेतू निघतात.' लेख तिच्या शाळेच्या शिक्षककक्षात मोठ्यानं वाचला गेला. तीही हसली. बरं जमलंय म्हणाली. त्यानंतर दुकानात गेली नाही. मला वाटलं, हौस फिटली. ऑक्टोबरअखेर कावीळ. अकरा दिवस.

१७ जाने.
तिनं एकदा उत्रोलीपर्यंत फिरायला गेलो तेव्हा सगळं समजावलं होतं. मी निम्मं ऐकलं. वर अवकाशात एक दुर्बीण सूर्याकडे टक लावून असते. मधोमध तबकडी, सूर्य झाकलेला, भोवतीचे फोटो रोज इंटरनेटवर, कुणीही बघावेत. ठिपके पुष्कळ दिसतात. एकाच फोटोत दिसून गेला तो कचरा. तीन-चार फोटोंत एका रेषेत सूर्याकडे सरकत गेला तर धूमकेतू. बारके असतात, पलीकडून बाहेर येत नाहीत.
मी म्हटलं, म्हणजे सासरी गेले.
ती पुढे चालू लागली. मग म्हणाली, "तुम्हाला प्रत्येक वाक्याला शेपूट लावायचंच असतं का हो?"

१९ जाने.
रजा टाकून दुकानात. रेहाना तिची विद्यार्थिनी, आता दोन मुलांची आई. तिनं सप्टेंबरचे फोटो शोधून दिले. एकेक फोटो उतरायला चहा पिऊन होतो. पहिला फोटो. धूमकेतू कळवायचा त्यांचा फॉर्म उघडला, तिथं मोजणीचं शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात दाखवलं होतं. तसं मोजलं. आडवे ४६०, उभे ३१०. काळं. दुसरा फोटो, काळं. चारही.
खरं लिहायचं तर सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे लेख खोटा नव्हता. सुटकेची लाज घरी येऊन कुलूप काढेपर्यंत वाटली नाही.

२२ जाने.
कामावर, वेल्हे. जमीन-मोजणीच्या कचेरीत ठकूबाई आणि तिचा पुतण्या, बांधाचं भांडण. नकाशा माझ्या हातात. मी साहेबी आवाजात वाचतोय, तुमचा गट ओढ्याच्या पलीकडे. म्हातारीला अक्षर येत नाही. टेबलावर वाकून बघत राहिली.
"भाऊसाब, वढा वरच्या अंगानं येतो का खालच्या?"
"वरच्या."
"मंग कागुद उलटा धरलाय तुमी. आदी वढा कुठनं येतो त्ये बगा, मंग आकडं बोला."
उलटाच होता. पुतण्या हसला, शिपाई हसला. मी नकाशा फिरवला आणि हात तसाच राहिला.
कुंदाने पंचवीस वर्षं दहावीला आलेख शिकवला. शून्य कुठं असतं? डावीकडे, खाली. मी वरून मोजलं होतं.
परतीच्या एसटीत बसून तेच.

२३ जाने.
दुपारी दोन ते पाच लाइट नसते, म्हणून सकाळीच. फोटोची उंची १०२४. खालून ३१० म्हणजे वरून ७१४.
आहे.
पहिल्या फोटोत राईएवढा. दुसऱ्यात थोडा वर, सूर्याकडे. तिसऱ्यात. चौथ्यात. तिचे चारही आकडे बरोबर बसतात. रेहानानं तोंडावर पदर धरला.
फॉर्मात एक खूण असते, शून्य वर की खाली. आधीपासून 'वर' असते. कुं.ने हात लावला नसणार. शून्य खाली असतं, ही काय विचारायची गोष्ट आहे? तपासणाऱ्यांची चूक नाही. त्यांनी सांगितलेल्या जागी पाहिलं, तिथं नव्हतं. मी तर घरात होतो. मी पाहिलंच नाही.

२४ जाने.
धूमकेतूंची यादी सापडली. तो ठिपका नोंदलेला आहे. तीन दिवसांनंतर परदेशातल्या कुणी कळवला. धूमकेतूला नाव दुर्बिणीचंच मिळतं, पण यादीत शेवटच्या रकान्यात ज्यानं पाहिला त्याचं नाव असतं. तेवढा एक रकाना.

२७ जाने.
फोटो तपासणाऱ्यांना पत्र पाठवलं. माझं इंग्रजी, रेहानाची बोटं. माझ्या पत्नीने १४ तारखेलाच कळवलं होतं, आकडे खालून मोजलेले होते, कृपया पुन्हा पाहावं. ती हयात नाही हे लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, लिहिलं नाही. रेहानानं माझ्याकडे पाहिलं आणि पाठवलं.

३१ जाने.
संपादकांना लेख दिला. धूळ नव्हती, असा. साधा, शेपूट न लावता. संध्याकाळी फोन. "मनाला लागलं, पण आपलं सदर विनोदी आहे हो. आता हे रविवारी सकाळी कसं द्यायचं?" म्हटलं, सप्टेंबरात दिलं होतं तसंच.
बघतो म्हणाले.

३ फेब्रु.
उत्तर आलं. सभ्य माणसं. आकडे जुळतात. नोंद दुरुस्त करता येईल, फक्त ज्यांनी पाहिलं त्यांनी स्वतः, त्याच ई-मेल पत्त्यावरून एक ओळ कळवावी. नियम आहे. आणि शेवटी: त्यांना सांगा, थांबू नका. पहिल्याच खेपेला इतकं पुसट शोधणारे डोळे फार थोड्यांचे असतात.
हा निरोप मी कुठं पोचवू?

५ फेब्रु.
रेहाना हळूच म्हणाली, बाईंचा पासवर्ड तिला ठाऊक आहे, तिनंच काढून दिला होता. "एक ओळ बाईंच्या नावानं गेली तर कुणाचं काय जातंय काका? पाहिलं तर त्यांनीच होतं."
मेलेल्या माणसाचा अंगठा लावून सात-बारा फिरवणाऱ्यांवर मी तीन लेख लिहिलेत. कचेरीत अजून दोघं माझ्याशी बोलत नाहीत.
आणि खरं कळवलं तर? नियमात बसलं नाही तर तो रकाना परक्या नावाचाच राहील. मग तिला दुसऱ्यांदा खोटं पाडणारा मीच.
दिवसभर एक फाइल उघडली नाही.

७ फेब्रु.
गेल्या रविवारी लेख छापला नाही. त्या जागी जुना एक, एसटीच्या खिडकीवरचा. लोक आठवडाभर रस्त्यात थांबवून सांगतायत, झकास.

८ फेब्रु.
दुकानातूनच लिहितोय, कुं.च्या टाचणवहीच्या कोऱ्या पानावर. रविवार, गिऱ्हाईक नाही. आलेखकागद काचेवर तसाच आहे. रेहानानं कडेनं नवी चिकटपट्टी लावलीय, न विचारता.
आधी आजचे फोटो पाहिले. खालून मोजत. एक ठिपका दिसला, पुढच्या फोटोत नव्हता. कचरा.
मग रेहानानं पडद्यावर दोन खिडक्या उघडून ठेवल्या. एकीत कुंदाच्या नावानं पत्र, एका ओळीचं, तयार. दुसरीत माझ्या नावानं, कोरं.
"तुम्ही सांगा. मी टाइप करते."
मी सांगितलं, माझी पत्नी. तिनं कोऱ्या खिडकीत टाइप केलं. पुढचा शब्द, मागच्या पत्रात न लिहिलेला, अकरा वर्षं चिमटे काढणाऱ्याला जड जाऊ नये. सोपा आहे, शाळकरी पोरही सांगेल.
रेहाना थांबलीय. काचेवर खालच्या डाव्या कोपऱ्यात कुं.ने पेनानं शून्य काढलंय, ते आज पहिल्यांदा पाहिलं.
"काका?"
सांगतो म्हटलं.