वाणात आलेली पावडर

१४ जानेवारी
सासूबाईंच्या अंगठ्याची जखम अजून ओलीच. वीस दिवस झाले. शुगर २८०. डॉक्टर म्हणाले, गोळी एकही चुकवू नका, पाय जाईल. फेब्रुवारीअखेरपर्यंत त्यांची पाळी आमच्याकडं, मग दोन महिने मागच्या गल्लीत मोठ्या जाऊबाईंकडं. त्याआधी जखम भरली पाहिजे. तिकडं कोण बघणार.

१९ जाने.
जाऊबाईंकडं, म्हणजे अक्काकडं, हळदीकुंकू. अख्खं सेलू कंगवे, गाळण्या, प्लास्टिकच्या डब्या लुटतंय, आमच्या बाईसाहेबांनी वाण म्हणून हिरव्या पावडरीची पाकिटं लुटली. दोन महिन्यांपासून तिची विक्री चालू आहेच, आता सणही सोडला नाही. शुगर, गुडघे, केस, पोट, सगळ्यावर एकच पावडर. आमच्या शाळेत एकच मास्तर सगळे विषय शिकवायचा, त्या वर्षीचा निकाल मला आठवतो.
पाकीट तिथंच ठेवून निघाले तर दारात अडवलं. "वाण परत करत असतेत का गं? लेकराबाळाची हायस तू." चार बाया बघत होत्या. घेतलं. घरी येऊन रिवाजाप्रमाणं देवापुढं ठेवलं. दोन्ही चुका माझ्याच.

२१ जाने.
सासूबाईंनी देवापुढून पाकीट उचललं. गोळ्या बंद!
"देवापुढची वस्तू हाय. आन् नैसर्गिक हाय, काई अपाय न्हाई."
म्हटलं, "धोत्रापण नैसर्गिकच आहे आई. महादेवाला वाहतो, भाकरीसंगं खात नाही."
त्या दिवसभर बोलल्या नाहीत. बोलू नका, गोळी घ्या म्हणावं, तर तेही नाही.

२४ जाने.
अक्काकडं जाऊन भांडून आले. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. कशाचा किती अंश, काही लिहिलेलं नाही.
"तू जळायलीस. चार बायांत माझं नाव व्हायलंय तर तुझ्या पोटात दुखायलंय."
मी म्हटलं, "अक्का, तुमी आईंचा पाय घालवाल."
ती माझ्यासमोर चमचाभर पावडर पाण्यात ढवळून घटाघटा प्यायली. पोरांनाही देते. मनापासून विश्वास आहे तिचा. खोटारडी असती तर परवडली असती, निदान धाक दाखवता आला असता.

२५ जाने.
शुगर ३१०. अंगठ्याला वास येतोय.
ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न काढता, "तुमा दोघींचं तुमी बघा." आई कोणाची, म्हणून विचारणार होते.
डॉक्टरांना फोन केला. ही गोळी कुटून दिली तर चालेल का? "चालेल. पण मावशींना सांगून द्या." हो म्हटलं.
नाही सांगितलं. लिंगपूजा आटोपून, कपाळावर भस्म लावून त्या पावडरीच्या पाण्याला हात पुढं करतात. ते पाणी मीच ढवळते. गोळी खलात कुटली, पावडरीत घातली. पावडर मुळातच इतकी कडू की काही कळलं नाही. संध्याकाळी परत.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी
शुगर १६५. जखमेवर खपली धरली. मला रडू आलं, स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.
बाहेर येते तर अक्का पेढे घेऊन हजर. "बघ. म्हटलं न्हवतं? तुझ्या गोळ्यांनी जे झालं न्हाई ते ह्या पावडरीनं झालं." सासूबाईंनी मान डोलावली.
पेढा खाल्ला. काय बोलणार होते मी? बोलले असते तर उद्यापासून पाणी बंद.

११ फेब्रु.
अक्कानं सासूबाईंना खुर्चीत बसवून मोबाईलवर व्हिडिओ काढला. "गोळ्या सोडल्या. ही पावडर घ्यायलेव. शुगर उतरली, पाय बी बरा झाला. कुनी बी घ्या." एवढ्या साध्या चेहऱ्यानं म्हणाल्या की मीसुद्धा पाकीट विकत घेतलं असतं.
पाव्हण्यांच्या ग्रुपवर गेला. दुपारपर्यंत सगळ्यांचे हात जोडलेले.
ह्यांना खरं सांगितलं. "गुण आला न्हवं? मग कशाला उकरायलीस?"
डोकं ठिकाणावर नाही माझं. १ मार्चपासून आई अक्काच्या हातचं पाणी पिणार, त्यात गोळी कोण घालणार? तेव्हा सांगू, तेव्हा सांगू करत बसलेय.

२६ फेब्रु., महाशिवरात्र
चुडाव्याहून मामा आले, सासूबाईंचे धाकटे भाऊ. तोंड सुकलेलं, पँट कमरेवर ठरेना. भगर पुढं ठेवली तर दोन घास खाल्ले आणि तांब्याभर पाणी प्यायले. पुन्हा एक तांब्या.
"मामा, इन्सुलिन घेतलं का?"
"सोडलं की. आठ दिस झाले. अक्काचा व्हिडिओ बघितला अन् ताईवानी पावडर घ्यायलोय." अक्कानं म्हणे रेल्वेनं येणाऱ्या माणसाबरोबर पाठवली.
मोठ्यानं सांगितलं. सगळ्यांसमोर. अक्का होती, हे होते, सासूबाई होत्या. खल आणून दाखवला, रिकामी गोळ्यांची पाकिटं दाखवली.
मामा तिसरा तांब्या मागत होते. ह्यांनी पेपर ठेवला, गाडी काढली, मामांना दवाखान्यात नेलं. शुगर मशीनवर आकडाच उमटेना, नुसतं 'हाय' दाखवत होतं. भरती केलं.

२७ फेब्रु.
मामा शुद्धीवर आहेत. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर.
अक्कानं ग्रुपवरून व्हिडिओ उडवला. मला म्हणाली, "तू गोळी घालायलीस हे मला कसं कळावं? तू सांगितलं असतंस तर मी व्हिडिओ काढला असता का?"
तिनं चूक उघड्यावर केली, मी बरोबर ते लपवून केलं. मामा माझ्यापायी खाटेवर पडलेत. तिचा राग राग करत होते तेच बरं होतं.
सासूबाई सकाळपासून माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. स्वतः उठून माठातलं घेतात. एकदाच बोलल्या. "महिनाभर माझ्या ग्लासात चोरून घालायलीस, आन् वर मलाच शाणपन शिकवायलीस." खपली अजून ओढते, लंगडतात.

२८ फेब्रु.
पाळी संपली. सासूबाईंची पेटी अक्काकडं गेली. सकाळी त्यांची पूजा चालली होती तेव्हा त्यांच्या आसनाशेजारी दोन वस्तू ठेवल्या. पावडरीचा डबा आणि गोळ्यांचं नवं पाकीट. मग शाळेत शिकवायला गेले.
दुपारी आले तर त्या अक्काकडं गेलेल्या. आसन गुंडाळून ठेवलेलं. डबा जागेवर आहे. गोळ्यांचं पाकीट नाही.
कोपऱ्यात केराची बादली आहे. झाकण उघडलं नाही अजून.